खडबडीत वाट आणि आपले पाय

ठाणे शहराच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खाडीकाठी कोलशेत वसले आहे. पूर्वी हे लहानसे गाव होते. आता येथे उंच इमारती आणि रुंद रस्ते झाले आहेत. पश्चिमेला मात्र येऊरचे डोंगर आजही उभे आहेत. म्हणजे कोलशेतच्या मुलांना सपाट रस्ताही जवळ आणि चढउताराची वाटही जवळ.

समजा, तुम्ही रोज डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर सहज धावता. एके दिवशी तुम्ही तेवढेच अंतर दगडगोट्यांच्या उतरत्या वाटेवर धावलात. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखू लागल्या, की जिना उतरणेही कठीण झाले. अंतर तेच, पायही तेच. मग असे का झाले?

सपाट रस्त्यावर प्रत्येक पाऊल जवळजवळ सारखेच पडते. खडबडीत वाटेवर तसे होत नाही. कधी टाच आधी टेकते, कधी चवडा. कधी पाऊल आत कलते, कधी बाहेर. अशा वेळी पोटरीचे आणि नडगीभोवतीचे स्नायू घोट्याला सावरून धरतात. स्नायूंच्या आत ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. स्नायू अचानक ताणला गेला, की ती मज्जारज्जूला खबर देतात. तेथून लगेच स्नायूला आकसण्याचा हुकूम मिळतो. मेंदूच्या विचाराची वाट पाहावी लागत नाही. शिवाय डोळे पुढची जमीन पाहत असतात. त्यामुळे पाऊल टेकण्याआधीच स्नायू तयार होतात.

या कामाला जास्त ताकद लागते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी धावण्याच्या यंत्राच्या पट्ट्यावर लहानमोठे ठोकळे बसवून माणसांना धावायला लावले. जमिनीची उंची फक्त अडीच सेंटिमीटरपर्यंत कमीजास्त होत होती. तरीही धावताना सुमारे ५ टक्के जास्त ऊर्जा खर्च झाली. धावणारे लोक गुडघे नेहमीपेक्षा थोडे अधिक वाकवत होते, असेही दिसले. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले.

आता मांड्यांच्या दुखण्याकडे वळू. उतारावर शरीर वेगाने खाली जाऊ लागते. त्याला आवर घालण्याचे काम मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू करतात. जोर लावत असतानाच ते लांबत असतात. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना त्यामुळे बारीक इजा होते आणि एकदोन दिवस पाय दुखतात. पण हेच स्नायू बरे होताना अधिक टिकाऊ बनतात. काही दिवसांनी तोच उतार पुन्हा धावल्यास दुखणे कमी होते. पायांनी जणू आपला धडा पाठ केलेला असतो!

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटर चालत किंवा धावत शाळेत जात. पुढे ते सैन्यात भरती झाले. त्यांनी ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत निवडली. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर पायांना पुन्हा तोल सांभाळावा लागतो. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मात्र जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीच्या वेळी ते पडले आणि त्यांच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. सरावाने पाय मजबूत होतात, पण धोका अगदी नाहीसा होत नाही.

म्हणून घाई करू नका. आधी गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर धावा. आठवड्यातून एकदाच थोडे अंतर खडबडीत वाटेवर जा. पावले लहान टाका. नजर काही पावले पुढे ठेवा. रोज एका पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याचा सराव करा. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर धावू नका. घोटा मुरगळला आणि सुजला, तर धावणे थांबवा, आराम करा व डॉक्टरांना दाखवा. डोंगरवाटेवर एकटे जाऊ नका, मोठ्या माणसांना सोबत घ्या.

वाट सपाट करणे नेहमी आपल्या हाती नसते. पायांना हळूहळू तयार करणे मात्र आपल्या हाती असते.

शब्दार्थ
चवडा – पावलाचा पुढचा भाग
पोटरी – गुडघ्याखालचा मागचा मांसल भाग
नडगी – गुडघ्याखालचे पुढचे हाड
आवर घालणे – रोखून धरणे
मुरगळणे – पिळला जाऊन दुखावणे

स्वाध्याय
१. उतारावर धावल्यानंतर मांड्या का दुखतात?
२. कारण लिहा : खडबडीत वाटेवर जास्त ऊर्जा खर्च होते.
३. 'जमीन', 'ताकद', 'खबर' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.