एकाचे दोन दिसू लागतात तेव्हा

एकाएकी एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागल्या, की चष्म्याचा नंबर बदलला असावा असा सर्वसाधारण समज होतो. दोष मात्र कित्येकदा डोळ्यात नसून डोळा हलविणाऱ्या मज्जातंतूंत असतो. याची परीक्षा सोपी आहे. आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहावा. कोणताही डोळा झाकताच एकच वस्तू दिसली, तर दोन्ही डोळ्यांचा परस्परमेळ बिघडला आहे असे समजावे. एका डोळ्यानेही दोन दिसत राहिल्यास कारण बहुधा मोतीबिंदू अथवा चष्म्याचे असते.

प्रत्येक डोळ्यास सहा स्नायू फिरवितात आणि मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी तिसरी, चौथी व सहावी जोडी त्यांचे नियंत्रण करते. सहावा तंतू दुबळा झाल्यास डोळा बाहेरच्या बाजूस वळत नाही. डोक्यातील दाब वाढल्यास, तसेच क्षयजन्य मेंदूज्वरातही असे घडते. चौथा तंतू अत्यंत बारीक असून डोक्याला मार लागल्याने दुखावतो. अशा रुग्णास जिना उतरताना व वाचताना त्रास होतो आणि तो मान एका बाजूस कलती ठेवतो. तिसरा तंतू निकामी झाल्यास पापणी पडते आणि डोळा बाहेर व खाली झुकतो.

या तिसऱ्या तंतूच्या आजारात डोळ्याच्या बाहुलीस विशेष महत्त्व आहे. बाहुली लहान करणारे धागे तंतूच्या पृष्ठभागालगत असतात. मधुमेह वा रक्तदाबामुळे तंतूच्या अंतर्भागाचा रक्तपुरवठा खुंटला, तर बाहुली बहुधा शाबूत राहते आणि सुमारे तीन महिन्यांत पुष्कळ रुग्ण सुधारतात. परंतु मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचा दाब पडल्यास बाहुली विस्फारते. तो फुगा फुटल्यास जिवावर बेतते. तथापि, बाहुली शाबूत आहे एवढ्यावरून निश्चिंत राहू नये. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

2021 साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसने अनेक मधुमेही रुग्णांस ग्रासले. त्यांच्यातही पापणी पडणे व डोळा न हलणे ही लक्षणे आढळली होती.

म्हणून आमची सर्वांस कळकळीची विनंती आहे : एकाएकी दोन दिसू लागल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. सोबत तीव्र डोकेदुखी, पडलेली पापणी किंवा मोठी झालेली बाहुली असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. योग्य वेळी केलेल्या तपासणीने दृष्टीच नव्हे, तर प्राणही वाचतात.