कासव सांभाळायचं तर

अगं, वरच्या मजल्यावरची माणसं बंगळूरला गेली आणि जाताना कासव तुझ्या हवाली करून गेली, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आता ते तुझं झालं. पशुसंवर्धन खात्यात माझा जन्म गाई-म्हशींत गेला, पण कासवं घेऊनही लोक दारात यायचे. आणायचे ते बहुतेक वेळा फार उशिरा. म्हणून आधीच सांगतो, नीट ऐकून ठेव.

पहिल्यांदा ते कोण आहे ते बघ. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्याकडे दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं हिरवंगार पिल्लू मिळतं, सोबत प्लास्टिकचं नारळाचं झाड लावलेलं भांडं. त्या भांड्यात ते आयुष्य काढेल असं दुकानदार सांगतो, ते खोटं. मादीचं कवच वाढून दहा इंचांच्या पुढे जातं आणि नीट ठेवलं तर कासव तीस वर्षं जगतं. टाकीएवढंच वाढतं, असंही कोणी म्हणेल. टाकी लहान असली की ते खुरटतं, आजारी पडतं आणि मरतं. त्याला वाढ थांबणं म्हणत नाहीत. नर की मादी ते मोठं झाल्यावर कळेल. नराची पुढच्या पायांची नखं लांबच लांब असतात.

टाकीचा हिशोब सोपा आहे: कवचाच्या प्रत्येक इंचामागे चाळीस लिटर पाणी. चार इंचांचं असेल तर दीडशे लिटरच्या वरची टाकी हवी. काचेचीच पाहिजे असं नाही, पाणी साठवायचं मोठं प्लास्टिकचं पिंप आडवं कापून घेतलंस तरी चालेल. पाण्याची खोली कवचाच्या रुंदीपेक्षा जास्त ठेव, कारण उताणं पडलं तर पाण्यात त्याला सरळ होता येतं, उथळ पाण्यात येत नाही आणि ते बुडतं. हो, कासव बुडतं. त्याला फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत. तळाशी बारीक खडे घालू नकोस, ते गिळतं आणि आतडं तुंबतं. घालायचेच तर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाल.

आणि एक कोरडी जागा. यावर मी अडून बसतो, कारण इथेच सगळे चुकतात. पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा चौथरा आणि त्यावर चढायला खडबडीत उतार, एवढं हवंच. दोन विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलास तरी झालं. ऊन खात बसणं हा कासवाचा आळस नव्हे, त्याचं अन्न त्यामुळे पचतं, कवच वाळतं, बुरशी मरते. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले तरच त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. मग कवच मऊ पडतं, पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, हे किरण काच अडवते. दुकानात यूव्हीबी दिवा मिळतो तो चौथऱ्यावर लाव आणि वर्षाच्या आत बदल. दिवा पेटत असला तरी त्यातले किरण आधीच संपतात. जमेल तेव्हा सकाळी नवाच्या आत गॅलरीत टबात ठेव. टबाचा अर्धा भाग सावलीत हवा, आणि तू शेजारी बसायचंस. कावळा आणि मांजर दोघांनाही पिल्लू आवडतं. दुपारच्या उन्हात सावलीशिवाय ठेवलेलं कासव थोड्या वेळात उकडून मरतं, हे मी पाहिलं आहे.

पुण्यात डिसेंबरच्या रात्री थंडी पडते, तेव्हा पाणी तापवायचा हीटर लागेल. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास राहायला हवं. आमच्या कोकणात त्याची गरज पडत नाही. पाणी गार झालं की कासव खाणं सोडतं आणि घरातले घाबरून त्याला कोंबू लागतात. आधी पाण्यात थर्मामीटर बुडवून बघ.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग टाकीत घाल. फिल्टर घेशील तेव्हा त्यावर लिहिलेली क्षमता तुझ्या टाकीच्या दुप्पट असू दे, कासव माशांपेक्षा कितीतरी घाण करतं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल. खाऊ वेगळ्या टबात घातलास तर टाकी स्वच्छ राहते. पण टबातही पाणी हवं, कारण पाण्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही.

खाण्याचं सांगतो. पिल्लू असताना रोज, मोठं झाल्यावर एक दिवसाआड. एका वेळी त्याच्या डोक्याएवढा खाऊ पुरे. ते कायम भुकेलं दिसेल, तुला बघून काचेवर पाय मारेल, त्याला भुलू नकोस. लहानपणी कासवाच्या गोळ्या आणि थोडा मांसाहार, वाढल्यावर निम्म्याहून जास्त पाला. शेवग्याची कोवळी पानं, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा दे. पालक क्वचितच, त्यातलं आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. सुका जवळा खाऊ म्हणून ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही, आणि खारवलेला तर मुळीच नाही. पोळी, भात, पाव, दूध, फरसाण यांतलं काही नको. पाण्यात माकुलाच्या पाठीचं पांढरं हाड, म्हणजे समुद्रफेस, टाकून ठेव. कुरतडून खाईल, कॅल्शियम मिळेल. किनाऱ्यावर ढिगाने सापडतात, मी धुऊन वाळवून पाठवतो.

मादी निघाली तर आणखी एक लक्षात ठेव. नर नसला तरी ती अंडी घालते. अस्वस्थ झाली, खायचं थांबली, मागच्या पायांनी टाकीचा कोपरा खरवडायला लागली की टबात फूटभर ओलसर माती भरून तिला त्यात एकटी सोड. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ती मरते.

आजार ओळखायला रोज दोन मिनिटं बघत जा. डोळे सुजून बंद झाले तर बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडलंय, नाहीतर पाणी घाण आहे. पोहताना एका बाजूला कलंडतंय, नाकातून फुगे येतायत, तोंड उघडून श्वास घेतंय, ही न्यूमोनियाची लक्षणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठ. कवचावरून पातळ पारदर्शक पापुद्रे निघतात ते साधं, वाढीचं लक्षण. पण खड्डा पडला, वास यायला लागला, पांढुरकं मऊ झालं तर कवच सडतंय. खोबरेल, हळद, पॉलिश काही चोपडू नकोस. सगळ्याच जनावरांच्या डॉक्टरांना सरपटणारे प्राणी येत नाहीत, म्हणून कासव बरं असतानाच फोन करून विचारून ठेव, कोण बघतं ते.

त्याला हात लावलास की साबणाने हात धुवायचे. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही. धाकट्या भावाला त्याचा मुका घेऊ देऊ नकोस. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात, कासवाला काही होत नाही, लहान मुलांना हगवण आणि ताप होतो. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. तू बारावीला जाशील, वसतिगृहात जाशील, तेव्हा घरात कोणीतरी म्हणेल, तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल. सोडायचं नाही. काही झालं तरी नाही. स्लायडर आपल्या तळ्यात जगतं, हीच अडचण आहे. ते आपल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा बळकावतं, त्यांचं खाणं खातं, घरातून नेलेले रोग पसरवतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. देवळाच्या पुष्करणीत सोडणं हेही सोडणंच. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं म्हणून लोकांना वाटतं, जिवंत कासव देवाच्या पाण्यात सोडलं की ते सुखी होईल. तिथे त्याला पोहे आणि बुंदी खायला मिळतात. सांभाळणं अशक्य झालं तर दुसरं जाणतं घर शोध, किंवा प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्थेला विचार. आणि जोडीला आणखी एक म्हणून दुकानातून विकत आणू नकोस. कासवाला सोबत लागत नाही, एका टाकीत दोन नर तर एकमेकांचे पाय चावतात.

घरातलं सोडायचं नाही, तसं बाहेरचं धरायचं नाही. आपल्याकडे तळ्याविहिरीत दोन कासवं नेहमी दिसतात. एक काळं, कठीण पाठीचं, पाठीवर तीन उभे कंगोरे. दुसरं मऊ पाठीचं, मागचे पाय आत घेतले की पोटाखालच्या झडपा मिटणारं. चांदणीसारखी नक्षी असलेलं कोरड्या माळावरचं ताऱ्याचं कासव तिसरं. ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मऊ पाठीचं आणि ताऱ्याचं तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते घरात ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. दुकानदार म्हणेल, चालतं हो, सगळे ठेवतात. ऐकू नकोस. वीस नखांचं कासव सापडलं तर पैशाचा पाऊस पडतो, अशी थाप मारून आपल्याच राज्यात लोकांना लुबाडलं जातं, आणि त्यासाठी कासवं पोत्यात भरून हिंडवली जातात. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. वीस कुठून आणणार?

मृगाचा पाऊस पडला की ही कासवं चिखलातून वर येतात आणि रस्ता ओलांडतात. दिसलं तर गाडी बाजूला घे, मागून येणाऱ्यांना हात कर, आणि ज्या दिशेला त्याचं तोंड आहे त्याच बाजूला पलीकडे ठेव. त्याला चांगल्या तळ्यात नेऊन सोडायच्या भानगडीत पडू नकोस, कुठे जायचंय ते त्याला माहीत असतं. धरायचं ते कवचाच्या मागच्या बाजूने, दोन्ही हातांनी, जमिनीलगत. शेपटीने कधीच उचलायचं नाही. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, वळून चावतं, आणि चावा चांगलाच लागतो. उन्हाळ्यात गावोगाव तलावांतला गाळ काढतात, तेव्हा त्या गाळात कासवं निजलेली असतात. जेसीबीवाल्याला आणि ट्रॉली भरणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं की ते बघतात, वेगळं काढून ठेवतात. हे मी केलं आहे आणि माणसं ऐकतात. नदीकाठच्या वाळूचं मात्र इतक्या सहज होत नाही. दख्खनच्या नद्यांतलं लीथचं मऊ पाठीचं कासव आज नष्ट होण्याच्या अगदी कडेला आहे. वाळूच उपसून नेली तर अंडी घालायची कुठे, याचं उत्तर कोणाकडे नाही.

समुद्रातल्या कासवांचं इथे आल्यावर दाखवेन, पण नियम आधीच सांगतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडलेच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर येतात, दीड फूट खड्डा खणतात, शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ती अंडी कुत्रे, कोल्हे आणि माणसं, तिघंही खायची. वेळास, म्हणजे नाना फडणविसांचं गाव, तिथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी घरटी राखायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले, गुहागर, सिंधुदुर्गातलं वायंगणी अशी गावं जोडली गेली. गोव्यात मोरजी आणि गालजीबाग आहेत. ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून! आपल्या वाळूत काही असेल म्हणूनच ती इतक्या लांबून आली असावी.

तर नियम. घरटं दिसलं तर उकरायचं नाही, अंडं फिरवायचं नाही. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटं केलं की तो मरतो. म्हणून संस्थेची माणसं अंडी हलवताना जशी होती तशीच, तेवढ्याच खोलीवर ठेवतात. वाळू जास्त तापली तर सगळ्या माद्याच निपजतात, म्हणून सावलीचाही विचार करावा लागतो. पिल्लं पाण्याकडे जाताना त्यांना उचलून पोहोचवायचं नाही, चालू द्यायचं. टॉर्च, मोबाईलचा दिवा, फ्लॅश बंद, कारण पिल्लं उजेडाकडे धावतात आणि उजेड गावाकडे असला तर उलटी फिरतात. किनाऱ्यावर वाळूत घरं करून खेळलात तर उठताना खड्डे बुजवा, त्यात पिल्लू अडकतं. जाळ्यात गुरफटलेलं, पाय तुटलेलं मोठं कासव वाहून आलं तर पुन्हा समुद्रात ढकलू नका. सावलीत ओलं फडकं घालून ठेवा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

पिल्लं पाहायला यायचं तर मार्चचा शेवट ते एप्रिलची सुरुवात बरी. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला सोडतात, आणि कुठल्या दिवशी किती निघतील ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून दोन रात्रींची सवड काढून या. वेळासला गावातच घरोघरी राहायची सोय होते, तिथेच राहा. किनारा राखणाऱ्या घरांना दोन पैसे मिळतात. आईला म्हणावं, कासवाची सोय शेजारच्या काकूंकडे लावून या, आणि पाण्याचं, खाण्याचं, दिव्याचं वेळापत्रक कागदावर लिहून टाकीला चिकटवून ठेवा.