थिनरचा वास आणि पॉलिएस्टरचा धागा

पावसाळी मासेमारीबंदीत मढच्या किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी व रंगकाम चालते. रंगात घालायच्या थिनरमध्ये बहुधा टोल्युईन व झायलीन असते. आम्ही कापडवाले, पण झायलीनचाच एक प्रकार आमच्या दुकानात पॉलिएस्टर होऊन येतो. तो कसा, ते पाहू.

बेंझिन म्हणजे सहा कार्बनचे कडे. त्याला कार्बनची एक शेपटी जोडली की टोल्युईन, दोन जोडल्या की झायलीन. कारखान्यात हवेतील ऑक्सिजनशी संयोग घडवला की कडे शाबूत राहते, शेपटीचे आम्ल बनते. टोल्युईनच्या आम्लाला एकच हात, त्याचा धागा होत नाही. पॅरा-झायलीनच्या शेपट्या समोरासमोर असतात. त्याचे टेरेफ्थॅलिक आम्ल दोन्ही हातांनी ग्लायकॉलला धरते व लांब साखळी तयार होते. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी हाच धागा शोधला.

आपले शरीरही टोल्युईनच्या शेपटीचे आम्ल करून ते लघवीवाटे टाकते. बेंझिनला शेपटीच नाही. त्यापासून शरीरात विषारी पदार्थ बनतात, रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून टोल्युईन निर्धोक ठरत नाही. त्याची वाफ मेंदूला अपाय करते व पटकन पेटते.

आम्हीही पूर्वी दार लावून थिनरने कापडाचे डाग काढत असू. डोके जड झाले की दोष उकाड्याला देत असू. कारागीर बांधवांनी ही चूक करू नये. काम उघड्या हवेत करावे, विडी दूर ठेवावी, थिनरने हात धुऊ नयेत. डबा घेताना आत बेंझिन नाही ना, हे जरूर विचारावे.