एक बादली पाण्याची परीक्षा

नांदगावात पाऊस आला की लोक आडोसा शोधत नाहीत, ओट्यावर येऊन उभे राहतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा हा पाऊस. आमची बाजरी, कपाशी, कांदा सगळं त्याच्याच भरवशावर. इथे छत्री पावसापेक्षा उन्हासाठी जास्त उघडली जाते आणि रेनकोट ही शाळकरी पोरांची वस्तू समजली जाते.

नांदगावहून गाडीत बसलं की मनमाड, नाशिक रोड करत जवळपास दीडशे किलोमीटरवर इगतपुरी येतं. जिल्हा तोच, पण पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. हा आकडा मला शाळेपासून पाठ होता. त्याचा अर्थ कळला २०१८च्या जुलैत, इगतपुरीजवळच्या कळसूबाई शिखरावर. आणि त्याची किंमत माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याला मोजावी लागली.

ताईनं त्याला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. निघण्याच्या आठवडाभर आधी मी दोघांसाठी जॅकेटं घेतली. अगदी हलकी, घडी केली तर मुठीत मावतील अशी. आत लेबलवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं. शनिवारी संध्याकाळी गावात भुरभुर झाली, तेव्हा आम्ही ती घालून चक्कर मारून आलो. आत थेंब नव्हता. माझं समाधान झालं. इगतपुरीच्या पावसासाठी घेतलेली वस्तू मी नांदगावच्या पावसात तपासली, हीच माझी पहिली चूक.

रविवारी सकाळी पायथ्याच्या बारी गावातून चढायला लागलो. पहिल्या अर्ध्या तासात दोघंही घामानं भिजलो. भाच्याच्या अंगात सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स. मग पाऊस धरला. सरळ पडणारा नव्हे, दरीतून वर उसळून अंगावर येणारा. तासाभरात सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे ओले झाले, शिवणींतून पाणी उतरलं, बाह्यांमधून कोपरापर्यंत गेलं. चालत होतो तोवर काही वाटलं नाही. लोखंडी शिड्यांपाशी मात्र गर्दीची रांग लागली होती. ओल्या अंगानं, भर वाऱ्यात, पाऊण तास आम्ही जागच्या जागी उभे होतो.

वर पोहोचेपर्यंत भाचा गप्प झाला होता. दमला असेल, असं मी धरून चाललो. बिस्किटांचा पुडा हातात दिला तर त्याला तो फोडता येईना. “मामा, मला जरा बसू दे,” तो म्हणाला, पण शब्द जड जिभेनं यावेत तसे आले. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला धरून शिडी उतरवली आणि विहिरीजवळच्या एका झोपडीवजा चहाच्या टपरीत नेलं. तिथल्या आजींनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आधी ओलं काढा त्याचं सगळं.” त्यांनी स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली, त्याला चुलीजवळ पण वाऱ्याच्या आडोशाला बसवलं आणि गोड चहा घोट घोट पाजला. अर्ध्या तासानं त्याचा थरकाप ओसरला आणि तो नीट बोलू लागला. आम्ही सुखरूप घरी आलो. ताईला मी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी हिमालय लागत नाही. पाणी हवेपेक्षा वीसहून अधिक पटींनी उष्णता वाहून नेतं. त्यात वारा आणि थांबलेलं शरीर एवढं जमलं की सह्याद्रीतही ते घडतं. थरथर, बोटं न वळणं, अडखळणं, जड बोलणं, अचानक गप्प होणं किंवा चिडचिड ही सुरुवातीची चिन्हं. अंगात ऊब न येताच थरथर थांबली तर धोका वाढला असं समजा आणि तातडीनं मदत मागवा. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. ओलं काढा, कोरडं घाला, डोकं झाका, आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तरच गरम, गोड पेय द्या.

त्यानंतर दर पावसाळ्यात मी डोंगरात जातो आहे. तीन जॅकेटं वापरून झाली. या वर्षांत शिकलेली मुख्य गोष्ट एकच: सह्याद्रीच्या आषाढात दिवसभर चालताना माणसाला पूर्ण कोरडं ठेवील असं जॅकेट नाही. बाहेरून पाऊस आला नाही तर आतून घाम येतो. जॅकेटाचं खरं काम वारा अडवणं आणि अंगाची ऊब राखणं हे आहे. आजींची घोंगडीही थोडी दमट होतीच, पण लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते. हे एकदा ध्यानात घेतलं की दुकानात काय पाहायचं ते आपोआप कळतं.

सर्वांत आधी लेबल. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे थोडा वेळ पाणी झटकणारं. भुरभुरीला ते पुरतं. ‘वॉटरप्रूफ’ शब्दापुढे मात्र आकडा मागा. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि तो किती मिलिमीटर उंच झाल्यावर पाणी आत येतं ते मोजतात, तोच हा आकडा. बाजारात दीड-दोन हजार मिलिमीटरपासून वीस हजार मिलिमीटरपर्यंतची जॅकेटं मिळतात. नुसत्या पडत्या पावसाला दोन हजार पुरतील, पण भरलेल्या सॅकचा पट्टा खांद्यावर पाणी दाबत असतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेर अशा ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर दहा हजारांच्या खाली जाऊ नका.

मग शिवणी. जॅकेट उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून चिकटवलेली सपाट पट्टी दिसली पाहिजे. सुई जिथे जिथे गेली तिथे छिद्र पडलेलं असतं. कापड कितीही भारी असलं तरी पाणी तिथूनच येतं. काही जॅकेटांत फक्त खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणींना पट्टी असते. काख, कड, खिसा इथेही बोट फिरवून पाहा. आमच्या जॅकेटांना एकाही शिवणीवर पट्टी नव्हती. घेताना उलटं करून पाहिलं असतं तर दुकानातच कळलं असतं.

तिसरी गोष्ट घामाची. चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पावसाळी कापडाचं पेटंट घेतलं. त्यातून पाऊस आत येत नव्हता, पण घामही बाहेर जात नव्हता. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांना सच्छिद्र पापुद्रा सापडला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान असल्यानं थेंब अडतो, पण वाफ निसटते. त्यातून पुढे गोअर-टेक्स आलं. आज अनेक कंपन्या आपापले पापुद्रे आणि लेप वापरतात आणि चोवीस तासांत चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ जाते तो आकडा छापतात. इथेही दहा हजारांच्या पुढचा आकडा बरा. पण एक लक्षात घ्या: आतली आणि बाहेरची हवा यांत फरक असेल तरच वाफ बाहेर जाते. ढगात शिरलेल्या डोंगरावर बाहेरची हवाच ओलीचिंब असते, तिथे हा आकडा फारसा कामाला येत नाही. म्हणून काखेखाली उघडणारी चेन असलेलं जॅकेट घ्या. चढताना ती उघडायची, माथ्यावर वाऱ्यात बंद करायची. महागड्या पापुद्र्यापेक्षा ही चेन मला जास्त उपयोगी पडली आहे.

आता हलकेपणा. जॅकेट हलकं हवंच, कारण जड जॅकेट घरी राहतं आणि घरी राहिलेलं जॅकेट डोंगरात उपयोगाचं नसतं. पण वजन कमी करताना कशावर पाणी सोडतो आहोत हे कळलं पाहिजे. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या जॅकेटाचं कापड फार तलम असतं. ते करवंदीच्या जाळीत, कातळाच्या कडेला आणि सॅकच्या घर्षणानं लवकर जातं. कापडाच्या धाग्याचा जाडपणा डेनियरमध्ये लिहितात. आपल्या रानवाटांना तीस-चाळीस डेनियर मला योग्य वाटतं. अशी तीनशे ते चारशे ग्रॅमची जॅकेटं सहज मिळतात. थरांचंही पाहा. अडीच थरांचं जॅकेट हलकं आणि स्वस्त असतं, पण आतून उघड्या हाताला चिकटतं. त्याखाली पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट घाला. तीन थरांचं महाग, पण टिकाऊ आणि अंगाला सुखद.

घालून पाहताना आरशासमोर नुसते उभे राहू नका. दोन्ही हात वर करा, शिडी चढतो तसे. पोट उघडं पडता कामा नये. मनगटाला आवळायची पट्टी हवी, नाहीतर हात वर करताच पाणी बाहीतून काखेत येतं. टोपी घालून मान वळवा. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे आणि तिच्या पुढच्या कडेला थोडा ताठ छज्जा असला पाहिजे. समोरच्या चेनवर झाकणपट्टी आहे का पाहा. आत एक गरम कपडा मावेल इतकं सैल घ्या. रंग केशरी, पिवळा किंवा लाल निवडा. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो तेव्हा रंगाचं मोल कळतं.

पोंचोबद्दल अनेक जण विचारतात. तो स्वस्त असतो, त्यात हवा खेळते, सॅकही झाकली जाते. आषाढी वारीच्या सपाट वाटेवर वारकरी प्लॅस्टिकचा कागद पांघरून मैलोन् मैल चालतात, तसा सपाटीला तो उत्तम. पण धारेवर वारा त्याचं शीड करतो आणि शिडीवर तो पायात येतो. गडावर तो नको.

जॅकेटाच्या आत काय आहे, हे जॅकेटाइतकंच महत्त्वाचं. सुती कपडा पाणी शोषतो आणि अंगाला चिकटून ऊब ओढून घेतो. जीन्स तर नकोच. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे कपडे घाला. सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पूर्ण कोरडा जोड बांधून ठेवा आणि कितीही मोह झाला तरी थांबायच्या वेळेपर्यंत तो काढू नका. त्या दिवशी आमच्याजवळ असा एक जोड असता तर आजींच्या घोंगडीची गरज लागली नसती.

आणि निगा. बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यांसारखं ओघळतं तोवर जॅकेट काम करत असतं. पाणी पसरून कापड काळपट दिसू लागलं की वाफ कोंडते आणि आत ओल येते. तेव्हा जॅकेट टाकून देऊ नका. सौम्य साबणानं धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, सावलीत वाळवा. लेबलवर परवानगी असेल तर वर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. पाणी झटकण्याचा गुण बराच परत येतो. नाही आला तर त्यासाठीचा फवारा मिळतो. अलीकडच्या अनेक जॅकेटांवरचा पाणी झटकणारा लेप पूर्वीच्या घातक फ्लोरिनयुक्त रसायनांशिवाय केलेला असतो. हे चांगलंच आहे, पण त्याची निगा अधिक वेळा घ्यावी लागते. पावसाळा संपला की जॅकेट पूर्ण वाळवून, घट्ट घडी न घालता टांगून ठेवा. ओलसर गुंडाळून ठेवलेल्या जॅकेटाचा आतला लेप चिकट होतो आणि पापडासारखा सुटतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, तिथल्या पेटीत तर ते मुळीच ठेवू नका. माझं दुसरं जॅकेट असंच गेलं.

शेवटी परीक्षा. जॅकेट आणलं त्याच दिवशी, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत, ती घ्या. आत खांद्यांवर आणि पाठीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा, जॅकेट चढवा, वर भरलेली सॅक घ्या. मोठ्या घमेल्यात उभे राहा आणि कुणाला तरी तांब्यानं डोक्यावर, खांद्यांवर, समोरच्या चेनवर बादलीभर पाणी हळूहळू ओतायला सांगा. मध्ये हात वर करा, मान वळवा. मग जॅकेट काढून कागद पाहा. ओला डाग जिथे असेल तिथून डोंगरातही पाणी येणार.

नांदगावात पाणी आम्ही मोजून वापरतो, आणि घमेल्यातलं पाणी नंतर झाडांना घालतो. तरीही दर नव्या जॅकेटासाठी मी ही एक बादली काढतो. तुमच्याबरोबर कुणाचं लेकरू डोंगरात येणार असेल, तर त्याच्या जॅकेटासाठीही एक बादली काढा.