पतंगाची शृंगिका : नर, मादी आणि पुरावा

पावसाळ्यात ब्रह्मगिरीवरून ढग खाली उतरले की त्र्यंबकेश्वरच्या आमच्या वसतिगृहातील दिव्यांभोवती पतंग जमतात. एकदा विद्यार्थ्यांनी एकाच जातीचे दोन पतंग दाखवले. नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पिसासारख्या रुंद होत्या, मादीच्या बारीक. एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे नरालाच अधिक समजते.” त्यावर सहावीतील एका मुलीने विचारले, “सर, हे कोणी तपासले आहे का?” आम्ही इतिहासाचे शिक्षक. पुराव्यावाचून विधान करू नये, हे आम्हीच वर्गात सांगतो. म्हणून उत्तर शोधणे आमचे कर्तव्य ठरले.

शृंगिका हे पतंगाचे नाक होय. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर ज्याच्या अळ्या पोसल्या जातात, तो टसरचा पतंग कोशातून बाहेर पडल्यावर काहीही खात नाही. थोड्या दिवसांच्या आयुष्यात मादी एका जागी बसून कामगंध सोडते आणि नर अंधारात तो माग काढत येतो. तुतीच्या रेशमाच्या पतंगाचा असा गंध जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या.

नर हा गंध टिपतो कसा? १९८१ मध्ये रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांनी टसरच्या पतंगाच्या एका अमेरिकन भाईबंदाच्या शृंगिका तपासल्या. गंधाचे कण तेलकट असतात, तर शृंगिकेवरील सूक्ष्म केसांच्या आत पाणीदार द्रव असतो. तेल पाण्यात मिसळत नाही. नराच्या शृंगिकेत त्यांना एक लहान प्रथिन सापडले. ते गंधाच्या कणाला धरते. त्याला द्रवातून चेतातंतूपर्यंत पोहोचवण्याचे काम त्याचेच, असे मानले जाते. शिवाय, जुना गंध झटकन नष्ट करणारे विकरही तेथे मिळाले. मागचा गंध पुसला गेला, तरच पुढचा कळतो.

मग मादी उणी ठरली का? नाही. गंध वाहणारी याच कुळातील दुसरी प्रथिने नर-मादी दोघांतही आढळली आणि त्यांचा संबंध वनस्पतींच्या गंधाशी जोडला जातो. अंडी कोणत्या झाडावर घालावी, हे मादीलाच ठरवायचे असते. पुढे काही जातींच्या मादीतही कामगंधाचे प्रथिन थोड्या प्रमाणात मिळाले. पहिला निष्कर्ष पुराव्यानेच दुरुस्त झाला.

अशी तुलना करताना नर व मादी एकाच वयाचे हवेत, दोघांचे प्रथिन समान मापाने घ्यावे आणि सोबत पायासारखा दुसरा अवयवही तपासावा. अन्यथा केवळ मोठ्या शृंगिकेत प्रथिन जास्त, एवढेच सिद्ध होईल.

हे ज्ञान शेतातही उतरले आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात टोमॅटोच्या शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यात फळ पोखरणाऱ्या अळीचे नर पतंगच येतात. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. म्हणून सापळ्यातील नर मोजून कीड वाढल्याचे ओळखावे. सापळा लावला म्हणजे पीक वाचले, असे पालकांनी समजू नये.

फरक असतो, तो कामाचा. त्यावरून दर्जा ठरत नाही. त्या मुलीला आम्ही हेच उत्तर दिले. तिने ते वहीत लिहिले आणि खाली पुढचा प्रश्नही लिहिला. आमच्या दृष्टीने तोच खरा धडा.