वेताळाचा प्रश्न आणि बालप्रेक्षकाचे भय
('विक्रम और बेताल' या दूरदर्शन मालिकेच्या निमित्ताने)

१

रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही हिंदी मालिका १९८५ मध्ये दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातून प्रसारित झाली. रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास दाखविल्या जाणाऱ्या या मालिकेत अरुण गोविल यांनी विक्रमाची, तर सज्जन यांनी वेताळाची भूमिका केली होती. ती प्राधान्याने मुलांसाठी होती, आणि तिने मुलांना घाबरविलेही. त्या वेळी बालवयात असलेली मराठी माणसे आज पन्नाशीच्या आसपास आली आहेत. त्यांच्या बोलण्यात या भीतीचा उल्लेख अजूनही येतो. मात्र या आठवणींचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. झाडाला लोंबणारे प्रेत, पांढरे मोकळे केस, राजाच्या पाठीवरून थेट कानाशी येणारा आवाज आणि हसत हसत पुन्हा झाडाकडे होणारे उड्डाण एवढे सामान्यतः आठवते. वेताळाने सांगितलेल्या कथा त्या मानाने आठवत नाहीत. म्हणजेच भय कथांमध्ये नव्हते. ते कथांना वेढणाऱ्या चौकटीत होते. या चौकटीने मुलांना का घाबरविले आणि त्या भयातून सुटण्याची कोणती वाट दिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

ही चौकट प्राचीन आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळकथा समाविष्ट आहेत. तेथील राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही आहे. लोकपरंपरेत आणि मालिकेतही हा राजा उज्जयिनीचा विक्रम झाला. परंतु मराठवाड्यातील अभ्यासकाने हे मूळ स्थळ विसरता कामा नये. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला रोज एक फळ देतो, त्या फळांत रत्ने निघतात आणि त्या उपकाराच्या भिडेने राजा स्मशानातील शिंशपावृक्षावरचे प्रेत आणावयास जातो. प्रेतात वसलेला वेताळ वाटेत कथा सांगून प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला, तर वेताळ निसटून पुन्हा झाडावर जाईल.

मराठीत ही कथामाला मुद्रित गद्याच्या प्रारंभकाळीच आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा' मासिकाने तिला घरोघर नेले. खांद्यावर प्रेत घेऊन उपसलेल्या तलवारीनिशी चालणारा राजा हे के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' यांचे चित्र आणि प्रत्येक कथेच्या आरंभी येणारा तोच तो परिच्छेद वाचकांच्या परिचयाचा झाला. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही 'चांदोबा'ने नव्या कथा त्याच चौकटीत बसवून वेताळाला बोलते ठेवले. चौकट कथांहून चिवट ठरली, हे यावरून स्पष्ट होते.

याखेरीज मराठी मुलाला वेताळ ग्रंथाबाहेरही भेटत होता. शेंदूर फासलेला दगड, भुतांचा अधिपती, अमावास्येच्या रात्री निघणारी त्याची पालखी ही लोकश्रद्धेतील रूपे वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्याच्या कानावर पडत. त्यामुळे पडद्यावरचा 'बेताल' हा त्याला केवळ एका मालिकेतील पात्र वाटला नाही. ज्याच्याविषयी घरात हलक्या आवाजात बोलले जाते, तोच आता दिसू लागला आहे, अशी त्याची समजूत झाली असल्यास नवल नाही.

३

भयानक रसाच्या विभावांत भरताने विकृत स्वर, पिशाचादी सत्त्वांचे दर्शन, कोल्हे-घुबडांचा त्रास, ओसाड घर आणि अरण्य यांची गणना केली आहे. मालिकेच्या चौकटीत यांतील बहुतेक विभाव एकत्र येतात. पण विभाव उपस्थित असले म्हणजे रसनिष्पत्ती होतेच असे नाही. अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तील रथापुढे धावणाऱ्या भेदरलेल्या हरिणाचे उदाहरण घेऊन दाखविले आहे, की रसिकाला तेथे प्रतीत होणारे भय 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' अशा व्यक्तिसंबंधापासून आणि स्थलकालाच्या बंधनापासून मुक्त असते. हेच साधारणीकरण होय.

बालप्रेक्षक या अर्थाने अद्याप सहृदय झालेला नसतो. त्याचे भय त्याचे स्वतःचेच राहते. मालिका उजेडी दुपारी पाहिली जाई. भीती मात्र रात्री, दिवा मालवल्यावर, परसात एकट्याने जावे लागल्यावर जागी होई. दुपारचे दृश्य आणि रात्रीचे भय यांतील हे अंतर साधारणीकरण न झाल्याची खूण आहे. आजीने सांगितलेल्या भुताच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला काही संरक्षण होते. मूल फार भ्याले की आजी आवाज उतरवी, गोष्ट आवरती घेई, मुलाला जवळ ओढी. दूरदर्शन संच असे करू शकत नव्हता. सांगणारा ऐकणाऱ्याचा चेहरा पाहू शकत नाही, हा मौखिक कथन आणि दूरचित्रवाणी यांतील मूलभूत भेद आहे.

४

तथापि या चौकटीतच भयातून बाहेर पडण्याची वाट आहे, आणि ती म्हणजे वेताळाचा प्रश्न. अपराधी कोण, श्रेष्ठ कोण, कन्या कोणाची, असे न्यायनिवाड्याचे हे प्रश्न आहेत. प्रश्न ऐकताच राजाबरोबर मूलही उत्तर शोधू लागते. क्षणभर ते भिणारे न राहता निवाडा करणारे होते. उत्तर दिले जाताच वेताळ उडतो आणि भय परतते; पण दरम्यान मुलाने भयासमोर उभे राहून विचार केलेला असतो. सोमदेवाच्या रचनेचा शेवट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी विवाह करतो. त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते कोणते, या अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो. हे मौन भीतीचे नसून अज्ञानाच्या प्रामाणिक स्वीकाराचे आहे. त्यावर वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूचा कपटी बेत उघड करून राजाला वाचवतो. ज्याचे भय वाटत होते तोच रक्षक ठरतो, आणि रत्ने देणारा घातकी निघतो.

तुलनेसाठी दोन उदाहरणे पाहता येतील. अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमात १० फेब्रुवारी १९७६ रोजी मार्गारेट हॅमिल्टन यांनी 'विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) या चित्रपटातील आपली दुष्ट चेटकिणीची भूमिका पुन्हा साकारली. मुले घाबरल्याची पत्रे पालकांनी पाठविली आणि तो भाग पुन्हा दाखविण्यात आला नाही. तेथे भयावरचा उपाय म्हणून भयाचे कारणच दूर करण्यात आले. १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'शक्तिमान' मालिकेत सुरेंद्र पाल यांचा तमराज किल्विष अंधाराचे राज्य मागत असे, आणि भागाच्या शेवटी मुलांना सदाचाराचे धडे दिले जात. येथे भयावर उतारा म्हणून उपदेश आला. वेताळाच्या चौकटीत भय काढून टाकले जात नाही आणि उपदेशही केला जात नाही. प्रश्न विचारला जातो. बालवाङ्मयातील भयाची प्रतवारी लावताना ते किती आहे यापेक्षा ते मुलाला काय करावयास लावते, हा निकष अधिक उपयुक्त ठरेल.

५

या निकषाची तपासणी ग्रंथालयात बसून होणार नाही. त्यासाठी एखादे गाव निवडावे लागेल, आणि हिंगोली जिल्ह्यातील हट्टा (ता. वसमत) हे त्या दृष्टीने योग्य वाटते. हा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता. दखनी-उर्दूच्या दीर्घ सहवासामुळे मराठवाड्यातील मुलाला मालिकेची हिंदी सर्वस्वी परकी नसणार. त्याने 'बेताल' हा शब्द ऐकला तेव्हा त्याच्या मनात गावातला वेताळ उभा राहिला की 'चांदोबा'तला, हे विचारण्याजोगे आहे. मुलाला नेमके काय आठवते, भ्याल्यावर घरातल्यांनी काय केले, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली की हसून वेळ मारून नेली, आजीची वेताळकथा मालिकेतील कथेहून कोठे निराळी होती, हे प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्याच आळीत विचारता येतील. उत्तरे बोलीतच टिपावीत. 'भेव', 'दचकणे', 'झपाटणे', 'लागीर' या शब्दांच्या अर्थच्छटा 'भीती' या एकाच प्रमाण शब्दात हरवतात.

या कामाला मुदत आहे. १९८५ मध्ये मुलाला कुशीत घेऊन वेताळाची आपली गोष्ट सांगणाऱ्या आज्यांपैकी आता फारच थोड्या हयात असतील. त्यांच्या कथा मालिकेप्रमाणे ध्वनिचित्रफितीवर उतरल्या नाहीत, 'चांदोबा'प्रमाणे छापल्याही गेल्या नाहीत. त्या उरल्या असतील तर त्या वेळच्या भेदरलेल्या मुलांच्या स्मरणातच. मालिकेने दिलेल्या भीतीविषयी विचारताना त्या आठवणींच्या आडून मौखिक परंपरेचा एक अप्रकाशित भाग हाती लागण्याचा संभव आहे. ही मुलेही आता उतारवयाकडे झुकत असल्याने तो प्रश्न लवकर विचारला जाणे आवश्यक आहे.