तार, कागद आणि प्रकाश : शोभेच्या कंदिलाची रचना

दिवाळीत महाराष्ट्रातील घरांच्या दारी टांगला जाणारा आकाशकंदील परंपरेने बांबूच्या कामट्यांचा करीत. त्याच जातीचा कंदील तारेचाही करता येतो. कंदील ही शोभेची वस्तू खरी. परंतु तिचा प्रत्येक भाग काही ना काही काम करीत असतो. तार आकार धरून ठेवते, कागद सांगाड्याला बळकटी देतो आणि प्रकाश पसरवतो, तर वरची व खालची मोकळी तोंडे उष्णता बाहेर नेतात. ही कामे ध्यानात घेऊन बांधलेला कंदील देखणा होतो आणि निर्धोकही.

साहित्य

जस्ताचा मुलामा दिलेली २ मिलिमीटर जाडीची मऊ लोखंडी तार साडेतीन मीटर, सांधे बांधण्यासाठी बारीक तार, पातळ पांढरा कागद, पिठाची खळ, पक्कड, सुती दोरी, प्लॅस्टिकचा होल्डर आणि ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवा एवढे साहित्य पुरते. खळ ओली असते. साध्या लोखंडी तारेला तिने गंज चढतो व कागदावर तांबूस डाग पडतात. जस्ताच्या मुलाम्यामुळे हे टळते.

सांगाडा

तारेचे ६६ सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे कापावेत. प्रत्येक तुकडा गोल डब्याभोवती वळवून २० सेंटिमीटर व्यासाचे कडे करावे. टोके ३ सेंटिमीटर एकमेकांवर येतात, ती बारीक तारेने आवळावीत. डबा मात्र २० सेंटिमीटरांहून किंचित लहान घ्यावा. कामटी वाकवून सोडली की पुष्कळशी सरळ होते. तार वाकवलेला आकार बहुतांशी टिकवते, परंतु तीही थोडी मागे उलगडते. ही तिची उरलेली स्थितिस्थापकता होय.

त्यानंतर ३४ सेंटिमीटरांचे चार तुकडे घेऊन त्यांच्या दोन्ही टोकांचे दोन-दोन सेंटिमीटर कड्यांभोवती गुंडाळावेत. म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचा दंडगोल उभा राहतो. वरच्या कड्यावर सुमारे ४० सेंटिमीटरांची एक आडवी तार बांधावी व तिच्या मध्यभागी होल्डर बसेल असे वेटोळे करावे. तारेची अणकुचीदार टोके आत वळवून टाकावीत.

हा सांगाडा हातात धरून पिळला तर सहज तिरका होतो, कारण त्यातील चौकोनांना कर्ण नाहीत. येथे कागद कामास येतो.

कागद चढवणे

कागद ६५ सेंटिमीटर लांब व ३२ सेंटिमीटर रुंद कापावा. कड्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर असल्याने जोडासाठी २ सेंटिमीटर उरतात आणि वरखाली दुमडण्यास एकेक सेंटिमीटर मिळतो. उभ्या तारांना व कड्यांना खळ लावून कागद सुरकुती न पडू देता चिकटवावा. खळ पूर्ण वाळल्यावर कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा द्यावा. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात. त्यामुळे कागद ताणला जातो.

आता कंदील पुन्हा हलकेच पिळून पाहावा. तो पूर्वीइतका तिरका होत नाही. कागद दाबला तर दुमडतो, परंतु ताण चांगला सोसतो. सांगाडा कोणत्याही बाजूस झुकू लागला, की कागद एका कर्णरेषेत ताणला जाऊन त्याला अडवतो.

प्रकाश सौम्य का होतो?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. त्यांच्या मधल्या फटींत हवा असते. तंतू व हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाशाचे थोडे परावर्तन आणि थोडे वक्रीभवन होते. अशा असंख्य सीमा ओलांडताना किरण सर्व दिशांना विखुरतात. म्हणून बाहेरून दिवा दिसत नाही, कागदच प्रकाशमान दिसतो.

हे पडताळण्यासाठी त्याच कागदाच्या वेगळ्या तुकड्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. तुकडा दिव्यासमोर धरला तर डाग उजळ दिसतो. टेबलावर ठेवून वरून पाहिला तर काळसर दिसतो. तेलाचा वक्रीभवनांक सेल्युलोजच्या जवळपास असतो. हवेची जागा तेलाने घेतली की सीमा जणू नाहीशा होतात आणि प्रकाश न विखुरता पार जातो. कंदिलाच्या कागदाला मात्र तेल लावू नये; दिवा डोळ्यांना खुपेल आणि आगीचा धोकाही वाढेल.

६ सेंटिमीटर व्यासाच्या दिव्याचे समोरून दिसणारे क्षेत्र सुमारे २८ चौरस सेंटिमीटर, तर कंदिलाचे ६०० चौरस सेंटिमीटर असते. तोच प्रकाश वीसपटीहून अधिक क्षेत्रावर पसरल्याने झगमगाट तितकाच उतरतो.

उष्णता आणि दक्षता

तंतूच्या जुन्या दिव्यात विजेचा दहावा भागही दृश्य प्रकाशात येत नसे. उरलेली बहुतेक ऊर्जा उष्णता होई. ६० वॅटच्या अशा दिव्याची काच १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापे. कागद सुमारे २३० अंशांच्या आसपास पेट घेतो. परंतु त्याहून कमी तापमानालाही फार वेळ तापत राहिल्यास तो करपतो. एलईडी दिव्याने ही अडचण पुष्कळ कमी केली. पांढऱ्या एलईडीचा मार्ग निळ्या एलईडीमुळे मोकळा झाला. त्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एलईडीच्या बुडाशी उष्णता निर्माण होतेच आणि ती साचल्यास दिव्याचे आयुष्य घटते. यास्तव कंदिलाची दोन्ही तोंडे मोकळी ठेवावीत. तापलेली हवा हलकी होऊन वरून निघून जाते व खालून थंड हवा आत येते. कागद आणि दिवा यांत सर्व बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर अंतर असावे. मेणबत्ती किंवा पणती या कंदिलात कदापि ठेवू नये.

तार विजेची वाहक आहे, याचा विसर पडू नये. घरातील वीज २३० व्होल्टची असते. वायरचे वेष्टन आडव्या तारेवर घासून फाटले तर सारा सांगाडा जीवघेणा ठरेल. म्हणून कंदिलाचा भार विजेच्या वायरवर न टाकता वरच्या कड्याला तीन ठिकाणी बांधलेल्या सुती दोरीवर टाकावा. जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी, आणि दिवा बसवताना वीज बंद असावी.

एक प्रयोग

अंधाऱ्या खोलीत प्रथम उघडा दिवा लावून भिंतीजवळ पेन्सिल धरावी व सावलीच्या कडा पाहाव्यात. मग त्याच जागी कंदील टांगून, पेन्सिल पूर्वीइतक्याच अंतरावर आडवी व उभी धरून पुन्हा पाहावे. कडा कोणत्या वेळी अधिक पुसट झाल्या, आणि कंदिलाच्या रुंदी व उंचीशी त्याचा काय संबंध आहे, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.